तीसावा दिवस टळला म्हणजे दावा हरला?

सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाबाहेरच्या टपरीवर आणि फॉरवर्डमध्येही हे हमखास ऐकू येतं: समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली नाही, की प्रतिवादीचं काही ऐकत नाहीत.

३० दिवसांची मुदत खरी आहे, म्हणून ही समजूत टिकते. पण दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ८, नियम १ पुढेही वाचा. कारणं नोंदवून न्यायालय समन्स बजावल्यापासून एकूण ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. साध्या दाव्यात त्यानंतरही, सबळ कारण असेल तर, बहुधा प्रतिवादीला खर्चाची रक्कम भरायला लावून कैफियत घेतली जाते. 'वकील गावाला गेले होते' एवढ्यावर मात्र भागत नाही.

वाणिज्यिक दावा, म्हणजे व्यापारी व्यवहारातल्या वादाचा, वेगळा. तिथे समन्स बजावल्यापासून १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच जातो, न्यायालयालाही सूट देता येत नाही. म्हणून आधी दाव्याचा प्रकार पाहा, मग समन्स बजावल्याची तारीख. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, ई-कोर्ट्स अ‍ॅपवर सापडतो.

कैफियतीसोबत राहून गेलेला कागद? त्याच आदेशाच्या नियम १अ प्रमाणे न्यायालयाची परवानगी मागून तो नंतर देता येतो. आणि कैफियत नसली तरी वादीच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येतेच.