मिरजेची तंतुवाद्य-कला आणि युनेस्कोची यादी : पात्रता, कागदपत्रे व अर्जाची प्रक्रिया

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पुढची पायरी युनेस्कोची, असे वाटणे साहजिक आहे. परंतु या दोन नोंदी पूर्णपणे वेगळ्या आहेत. मानांकन म्हणजे उत्पादनाच्या नावाला १९९९ च्या कायद्याने मिळणारे संरक्षण होय. युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त सांस्कृतिक वारसा करारात, ज्यात भारत २००५ मध्ये सामील झाला, विचार होतो तो वाद्य घडवणाऱ्या हातांतील ज्ञानाचा आणि ते पुढच्या पिढीकडे कसे जाते याचा.

कोणताही कारागीर, संघटना किंवा जिल्हा प्रशासन युनेस्कोच्या पॅरिसमधील मुख्यालयाला थेट अर्ज करू शकत नाही. नामांकन केवळ सदस्य राष्ट्र सादर करते आणि भारतात संस्कृती मंत्रालयाच्या वतीने हे काम संगीत नाटक अकादमी पाहते. त्यामुळे मिरजेतून जायचा तो अकादमीकडे प्रस्ताव, आणि त्याची प्रत राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाला देणे हिताचे ठरेल.

या कराराखालील प्रातिनिधिक यादीसाठी पाच निकष आहेत. कला कराराच्या व्याख्येत बसावी, तिच्या नोंदीने अशा वारशाविषयी जाणीव वाढावी आणि जतनाचे उपाय ठरलेले असावेत, हे पहिले तीन. पारंपरिक कारागिरी हे करारात नमूद असलेले क्षेत्रच असल्याने पहिला निकष अवघड नाही. खरी कसोटी उरलेल्या दोहोंची आहे. चौथ्यानुसार प्रस्तावाच्या तयारीत समाजाचा व्यापक सहभाग आणि पूर्वमाहितीसह, स्वेच्छेने दिलेली संमती असावी लागते. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांच्या कामाकडून वाद्यांकडे वळलेली शिकलगार घराणी येथे केंद्रस्थानी आहेत हे खरे. तरीही भोपळे पिकवणारे सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी, कोरीवकाम आणि पॉलिश करणारे कामगार, जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, काढणारे जाणकार आणि वादक यांच्या संमतीवाचून प्रस्ताव अपुराच राहील, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच नमुन्यावर घेतलेल्या सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या शब्दांत दिलेले निवेदन अधिक विश्वसनीय असते. ते मराठीत किंवा ध्वनिमुद्रित स्वरूपातही चालते. मात्र सोबत इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडावे लागते.

पाचवा निकष असा की, ती कला देशातील वारसा-सूचीत आधीच नोंदलेली असावी आणि ती सूची समाजाच्या सहभागाने तयार होऊन वेळोवेळी अद्ययावत केली जात असावी. संस्कृती मंत्रालयाने २०२० मध्ये अशी राष्ट्रीय यादी प्रसिद्ध केली. म्हणून सुरुवात नामांकनापासून नव्हे, तर या नोंदीपासून करावी.

नामांकनासाठी आयसीएच-०२ हा नमुना इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये भरावा लागतो. त्यासोबत संमतीपत्रे, सूचीतील नोंदीचा पुरावा, दहा छायाचित्रे, पाच ते दहा मिनिटांची उपशीर्षकांसह चित्रफीत आणि छायाचित्रे व चित्रफीत वापरण्याचे हक्क देणारी पत्रे जोडली जातात. चित्रफितीत मैफलीपेक्षा कारखाना दिसावा : भोपळा निवडणे, वाळवणे आणि कापणे, दांडी जोडणे, पडदे बांधणे, घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून जवारी लावणे आणि शेजारी बसून शिकणारा तरुण.

राष्ट्राने ३१ मार्चपर्यंत सादर केलेल्या प्रस्तावावर साधारणपणे पुढील वर्षाच्या अखेरीस निर्णय होतो. बारा सदस्यांचे मूल्यमापन मंडळ शिफारस करते आणि चोवीस राष्ट्रांची समिती निर्णय देते. दुर्गापूजा २०२१, गरबा २०२३ आणि दीपावली २०२५ या भारताच्या अलीकडच्या नोंदी एक वर्षाआड झालेल्या आहेत, यावरून देशांतर्गत रांगेची कल्पना यावी.

या रांगेमुळेच बहुराष्ट्रीय नामांकनाचा विचार गांभीर्याने व्हावा, कारण अशा प्रस्तावांना प्राधान्य मिळते. इटलीने क्रेमोनाच्या व्हायोलिन-निर्मितीची नोंद २०१२ मध्ये एकट्याने करून घेतली. परंतु तंतुवाद्यांपैकीच कमांचाची २०१७ मध्ये इराण आणि अझरबैजानने, ऊदची २०२२ मध्ये इराण आणि सीरियाने, तर रबाबची २०२४ मध्ये अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान यांनी मिळून केली. त्यासाठी प्रत्येक देशातील कारागिरांची संमती आणि त्या त्या देशाच्या सूचीतील नोंद स्वतंत्रपणे द्यावी लागते.

शिकणारे हात खरोखरच संपत असल्याचे पुराव्यानिशी दाखवता येत असेल, तर आयसीएच-०१ नमुन्यावर तातडीच्या जतनाच्या यादीसाठी प्रस्ताव करता येतो. त्यात धोक्याचे वर्णन आणि खर्चासह जतनाची योजना द्यावी लागते. सोबत आंतरराष्ट्रीय निधीतून साहाय्यही मागता येते, मात्र ती मागणीदेखील राष्ट्रामार्फतच जाते.