खाण बुजवल्यावरची झाडं जगली का? माहिती मागायची अशी

वणी, राजुरा, उमरेड या कोळसापट्ट्यातल्या कितीतरी गावांच्या शिवेला ओबीचे डोंगर उभे आहेत. ओबी म्हणजे ओव्हरबर्डन: कोळशावरची माती, मुरूम, दगड काढून रचलेले हे ढिगारे. त्यांच्यावर दर पावसाळ्यात रोपं लागतात आणि लावलेल्या रोपांचा आकडा जाहीर होतो. गावाला हवा असतो तो दुसराच आकडा: त्यातली आज उभी किती? तो आकडा मागायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यासाठी वकील लागत नाही.

रस्ते दोन आहेत. पहिला फारसा कुणी वापरत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रत्येक मंजूर खाणीला मंजुरीतल्या अटी किती पाळल्या याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. हा अनुपालन अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे. मंजुरी देणाऱ्या यंत्रणेकडे अर्ज केल्यास कोणालाही त्याची प्रत मिळायला हवी. केंद्राने मंजुरी दिलेल्या खाणींसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयाकडेही अर्ज करा. खाण खासगी कंपनीची असेल तर हाच रस्ता भरवशाचा, कारण तिला थेट माहिती अधिकार लागू होत नाही.

दुसरा रस्ता माहिती अधिकार कायदा, २००५. भारताचा कोणताही नागरिक अर्ज करू शकतो. जमीन गेलेली असण्याची, गावात राहण्याची अट नाही. कारण सांगावं लागत नाही. अर्ज मराठीत चालतो. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, कोल इंडियाची इथली कंपनी) केंद्राचा उपक्रम असल्याने तिच्याकडे अर्ज करताना १० रुपये फी पोस्टल ऑर्डरने किंवा केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर भरा. राज्याच्या कार्यालयात चालणारं कोर्ट फी स्टॅम्पचं तिकीट इथे चालत नाही, आणि त्यावरून अर्ज परत येतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ आहे, दाखल्याची प्रत मात्र जोडा.

बाकी कागद म्हणाल तर खाणीचं नेमकं नाव, तालुका आणि पर्यावरण मंजुरीपत्राचा क्रमांक व तारीख अर्जात असली की टोलवाटोलवीला जागा कमी राहते. मंजुरीपत्र परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर सापडतं. त्याची प्रत ग्रामपंचायतीलाही द्यावी लागते, तेव्हा आधी ग्रामपंचायत कार्यालयात दप्तर पाहायला मागा.

खरी मेख प्रश्नात आहे. ‘वृक्षारोपणाची माहिती द्यावी’ असं लिहिलंत की लावलेल्या झाडांची बेरीज हातात पडते. त्याऐवजी असं लिहा: ‘सदर खाणीच्या ओबी ढिगाऱ्यांवर व भरलेल्या खड्ड्यांवर २०१५ पासून केलेल्या लागवडीची वर्षनिहाय व प्रजातीनिहाय माहिती: लावलेली रोपे, पुढील तीन वर्षांतील जिवंत रोपे, मेलेल्या रोपांच्या जागी लावलेली रोपे, आणि प्रत्येक मोजणीची तारीख व मोजणाऱ्या यंत्रणेचे नाव.’ गवताचंही विचारा. ८ जानेवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार खाणकाम संपल्यावर तिथे पुन्हा गवत उगवून जमीन चारा आणि झाडोऱ्यायोग्य करणं खाणपट्टा घेणाऱ्या कंपनीवर बंधनकारक आहे. गुरं राखणाऱ्यांच्या दृष्टीने ही फार मोलाची अट आहे.

सोबत सीएमपीडीआयचा (सेंट्रल माइन प्लॅनिंग अँड डिझाइन इन्स्टिट्यूट) उपग्रह अहवाल मागा. रांचीची ही संस्था कोल इंडियाच्या खुल्या खाणींवर उपग्रहातून नजर ठेवते. कोळसा आणि ओबी मिळून वर्षाला ५० लाख घनमीटरपेक्षा जास्त काढणाऱ्या खाणींची पाहणी दरवर्षी होते, लहान खाणींची तीन वर्षांनी. अहवालात लागवड झालेली, नुसती भरलेली आणि चालू खाणकामाची जमीन वेगवेगळी दाखवतात. तो वाचताना चित्राची तारीख आधी बघा. पान हिरवं असलं की ते जवळचे अवरक्त किरण परावर्तित करतं, उपग्रह तो हिरवेपणा टिपतो. पावसाळा सरताना घेतलेल्या चित्रात तरोटा, गाजरगवत आणि घाणेरीही हिरवीगार दिसते. डिसेंबरच्या आसपास पावसाळी तण वाळलेलं असतं, तेव्हाचं चित्र जास्त खरं बोलतं. उन्हाळ्याचं नको, सागाची पानगळ झालेली असते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. एकाच महिन्याची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं शेजारी ठेवून तुम्हीही ताडू शकता. पण साग, करंज आहे की नुसती सुबाभूळ, हे बारकाईने कळायला ढिगाऱ्यावर चढावंच लागतं.

त्याचीही सोय माहिती अधिकार कायद्यात आहे. कलम २(जे) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं. अर्जातच ‘लागवडीच्या जागेची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी’ असं लिहा. चालू खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका; ओबीची कड ढासळते, त्यात जीव जाऊ शकतो.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. प्रतींना पानामागे २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा. वेकोलिकडे त्याला फी नाही. तिथेही दाद लागली नाही, तर ९० दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील. पोस्टाची पावती आणि मूळ अर्जाची प्रत दोन्ही वेळा कामी येते, ती जपून ठेवा.