दस्तातले इंग्रजी शब्द : सहीआधी एवढं वाचा

भाडेकरार टाइप करताना आमच्या टेबलाशी हमखास येणारा प्रश्न : "लीव्ह अँड लायसन्समधली ही लीव्ह कसली? भाडेकरूला सुट्टी?"

सुट्टी नव्हे. जुन्या इंग्रजीत लीव्ह म्हणजे परवानगी. नोकरीतली रजा हीसुद्धा गैरहजर राहायची परवानगीच. लायसन्स हा मूळचा लॅटिन, त्याचाही अर्थ तोच. मग एकच गोष्ट दोनदा का? १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे तिथल्या कोर्टात फ्रेंच आणि लॅटिन बसली. इंग्रजीत बाजू मांडायचा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं. त्या सरमिसळीत अशा जोड्या तयार झाल्या. 'विल अँड टेस्टामेंट' त्यातलीच. हसू नका, आपलं 'कागदपत्र' तसंच आहे : कागद फारसीतून, पत्र संस्कृतातून.

अर्थ मात्र पक्का लक्षात ठेवा. या करारानं राहायची परवानगी मिळते, घरात हक्क मिळत नाही. करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची.

यंत्रमागावर कर्ज काढणारे 'हायपोथिकेशन' शब्दाला बिचकतात. "बँक माग उचलून नेणार का हो?" ग्रीकमध्ये या शब्दाच्या मुळाशी 'खाली ठेवणे' एवढंच आहे. आमच्या मते मराठी शब्द त्याहून सरस : नजरगहाण. माग तुमच्याच शेडमध्ये खडखडत राहतो, टॉवेल-चादरी निघत राहतात, बँकेची त्यावर फक्त नजर. हप्ते थकले तर मात्र ती नजर हात होते. आणि बँकेला न विचारता माग विकता येत नाही, हेही त्याच कागदात लिहिलेलं असतं. सोनंतारणात उलटं : दागिना बँकेच्या तिजोरीत जातो. त्याला प्लेज म्हणतात.

जागेचं गहाणखत म्हणजे मॉर्गेज. जुन्या फ्रेंचमध्ये मॉर म्हणजे मेलेलं, गेज म्हणजे तारण. मेलेलं का? सतराव्या शतकातले इंग्लंडचे न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी सांगितलेलं कारण असं : कर्ज फिटलं नाही तर जमीन ऋणकोला मेली, फिटलं तर तारण सावकाराला मेलं. म्हणून कर्ज फिटलं की बोजा कमी करून घ्या, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचा. मेलेलं तारण उताऱ्यावर जिवंत राहिलं की पुढची खरेदी अडते.

अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे लॅटिनमध्ये 'त्यानं शपथेवर सांगितलं आहे'. म्हणजे सांगणारे तुम्ही. न वाचता सही करू नका.

अ‍ॅटर्नी म्हणजे नेमलेला माणूस. (अरबीतून आलेल्या 'वकील' शब्दाचा मूळ अर्थही जवळपास हाच.) नेमणारा गेला की नेमणूक संपली. वडिलांनी दिलेलं साधं मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) घेऊन त्यांच्या पश्चात खरेदीखत करायला येणारे अजूनही भेटतात. ते चालत नाही. आपल्या पश्चातची सोय मृत्युपत्रानं करावी, त्याला किमान दोन साक्षीदार लागतात.

मसुदा घरी नेऊन वाचायला आमची ना नाही. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर आधी सांगा, त्या भाषेत समजावून देऊ. त्याचे वेगळे पैसे नाहीत.