‘ऑलवेज’ची जागा कुणी ठरवली? इंग्रजी शब्दक्रमाची पार्श्वभूमी

‘ही ऑलवेज कम्स लेट’ बरोबर, पण ‘ही ऑलवेज इज लेट’ कानाला खटकतं. तिथे ‘ही इज ऑलवेज लेट’ हवं. ‘माय बुक इज न्यू’ चालतं, ‘धिस माय बुक इज न्यू’ चालत नाही. नाशिकला कॉलेज रोडच्या स्पोकन इंग्लिश वर्गांत हे नियम घोकून घेतले जातात आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून जाणाऱ्या मेलमध्ये रोज मोडले जातात. नियमामागचं कारण माहीत नसेल तर घोकलेलं टिकत नाही. ते कारण इंग्रजीच्या हजार वर्षांच्या घडणीत आहे आणि मराठी माणसाला ते चटकन कळण्यासारखं आहे, कारण जुनी इंग्रजी बऱ्याच बाबतींत मराठीच्या वळणाची होती.

अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत नामांना विभक्तीची रूपं होती, लिंगं तीन होती. आज जिथे ‘द’ येतो तिथे तेव्हा दर्शक शब्द यायचा आणि तो नामाप्रमाणे बदलायचा: पुल्लिंगी कर्त्याला ‘से’, कर्माला ‘थोने’, षष्ठीला ‘थॅस’. ‘तो, त्याला, त्याचा’ म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. कर्ता कोण आणि कर्म कोण हे रूपावरून कळायचं, म्हणून शब्द मागेपुढे करायला मोकळीक होती. गौण वाक्यात तर क्रियापद पुष्कळदा शेवटी जायचं.

पुढे ही रूपं झिजली. तेव्हाच्या इंग्रजीत आघात बहुतेक शब्दांच्या सुरुवातीला पडायचा, त्यामुळे शेवटचे स्वर पुसट होत गेले. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांची भाषा मूळ शब्दांनी इंग्रजीच्या जवळची, पण प्रत्ययांनी वेगळी होती. एकमेकांशी बोलताना मूळ शब्द पुरत आणि प्रत्यय गळत, असं दिसतं, कारण झीज उत्तरेकडे आधी दिसते. १०६६ मध्ये नॉर्मन सत्ता आली, कारभारातून इंग्रजी मागे पडली आणि जुनं प्रमाण लेखन सांभाळणारं कुणी राहिलं नाही. १५०० पर्यंत कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम पक्का झाला होता. प्रत्ययाचं काम आता जागा करू लागली.

म्हणूनच क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये इंग्रजी सहसा काही शिरू देत नाही. द्राक्षांच्या पॅकहाउसमधून ‘वुई डिस्पॅच्ड यस्टरडे टू कंटेनर्स’ असं लिहिलं जातं. हवं ‘वुई डिस्पॅच्ड टू कंटेनर्स यस्टरडे’. ‘आय लाइक व्हेरी मच टी’ हीही तीच चूक. मराठीत ‘काल दोन कंटेनर पाठवले’ आणि ‘दोन कंटेनर काल पाठवले’ दोन्ही चालतात, त्यामुळे मध्ये काही घुसलंय हे लिहिणाऱ्याला जाणवतच नाही.

नामाच्या आधीच्या जागेची कथा याहून रंजक आहे. दर्शकाची सगळी रूपं जाऊन न बदलणारा ‘द’ राहिला. ‘एक’ या अर्थाचा ‘आन’ हलका होत ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ झाला. ‘माय’ मात्र बराच काळ विशेषणासारखा वागत राहिला आणि दर्शकाला चिकटून येऊ शकत होता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये उधळ्या मुलाचा बाप ‘धिस माय सन’ असंच म्हणतो. ‘हा माझा मुलगा’ याच्याशी ते शब्दशः जुळतं. पुढे ‘द’, ‘अ’, ‘धिस’, ‘माय’ या सगळ्यांची मिळून एकच जागा ठरली आणि तिथे एका वेळी एकच शब्द बसू लागला. दोन्ही अर्थ हवेत तर एकाला नामामागे जावं लागतं: ‘धिस बुक ऑफ माइन’.

या जागेच्या अलीकडे ‘ऑल’, ‘बोथ’, ‘हाफ’ येतात आणि पलीकडे संख्या किंवा ‘फ्यू’, ‘मेनी’: ‘ऑल माय थ्री ब्रदर्स’. ‘माझे सगळे भाऊ’ या क्रमाने ‘माय ऑल ब्रदर्स’ लिहिलं की चुकतं. ‘सच’ आणि ‘व्हॉट’ही ‘अ’च्या अलीकडेच राहतात: ‘सच अ बिग वाडा’, ‘व्हॉट अ क्राउड’. ‘इनफ’ नामाआधी येतो, ‘इनफ वॉटर’. पण विशेषणानंतर, ‘बिग इनफ’. ‘पुरेसा मोठा’ मनात असल्यामुळे आपल्याकडे ‘इनफ बिग’ होतं.

हे शाळेत नीट का पोचलं नाही? रॉबर्ट लोथ यांचं १७६२ चं आणि लिंडली मरे यांचं १७९५ चं व्याकरण ज्या परंपरेतली, ती ‘धिस’ आणि ‘माय’ यांना विशेषणांच्या घरात टाकायची. १८३५ नंतर इंग्रजी शिक्षण हे सरकारी धोरण झालं, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं आणि आपल्या वर्गांत हीच मांडणी रुजली. दोन विशेषणं शेजारी येतात, ‘बिग रेड’, तर मग ‘धिस माय’ का नाही, असं मुलाला वाटणं साहजिकच आहे. अशा शब्दांचा ‘डिटरमिनर’ हा वेगळा वर्ग अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ मध्ये मांडला. अलीकडची, मधली आणि पलीकडची अशा तीन जागांची मांडणी ब्रिटिश व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या व्याकरणांतून रूढ झाली. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आलं. तेव्हा तरी ‘एका जागी एकच’ हे मुलांना सांगायला हवं होतं.

आता ‘ऑलवेज’. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९१७ मध्ये नकाराचा प्रवास दाखवला: आधी ‘ने’ क्रियापदाच्या अलीकडे, मग ‘ने’ आणि ‘नॉट’ दोन्ही बाजूंनी, मग ‘आय से नॉट’, शेवटी ‘आय डू नॉट से’. ‘आय से नॉट’च्या काळात मुख्य क्रियापद कर्त्याच्या बाजूला सरकून ‘नॉट’ आणि ‘ऑफन’सारखे शब्द ओलांडत असे. फ्रेंचमध्ये ते आजही सरकतं. इंग्रजीत सोळाव्या-सतराव्या शतकात ‘डू’ हे काम करू लागलं, मुख्य क्रियापद मागेच थांबलं आणि क्रियाविशेषण त्याच्या अलीकडे राहिलं: ‘ऑलवेज कम्स’. ‘बी’ची रूपं आणि साहाय्यक क्रियापदं मात्र सरकतच राहिली, म्हणून ‘इज ऑलवेज’, ‘हॅज ऑलवेज’. अपवाद वाटणाऱ्या या जोड्या जुन्या नियमाच्या उरलेल्या खुणा आहेत. ‘नेव्हर हॅव आय सीन’ आणि ‘हिअर कम्स द बस’ ह्याही तशाच. क्रियापद दुसऱ्या जागी ठेवायच्या जुन्या सवयीतून त्या आल्या.

यातून एक भरवशाची कसोटी मिळते. वाक्य नकारार्थी करा. ‘नॉट’ जिथे बसेल तिथेच ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘युज्वली’, ‘नेव्हर’ बसतात. ‘ही इज नॉट लेट’, म्हणून ‘ही इज ऑलवेज लेट’. ‘ही डज नॉट कम’, यातला ‘डज’ काढा आणि क्रियापदाला ‘एस’ परत द्या: ‘ही ऑलवेज कम्स’. कसोटी दोन ठिकाणी लागू नाही. शेवटच्या शब्दावर जोर देणाऱ्या छोट्या उत्तरात ‘येस, ही ऑलवेज इज’ असं उलटं होतं. आणि ‘केअरफुली’सारखे रीतीचे शब्द बहुतेकदा कर्मानंतर जातात: ‘चेक द लेबल केअरफुली’.

स्थळ-काळाचा क्रम आपल्या उलट आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. ‘उद्या सहाला सीबीएसवर (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर) भेटू’ याचं ‘लेट अस मीट अ‍ॅट सीबीएस अ‍ॅट सिक्स टुमारो’: आधी ठिकाण, मग वेळ, आणि वेळेतही लहान एकक आधी.

‘ओन्ली’ मात्र जपून. मराठीत ‘च’ ज्या शब्दावर जोर त्यालाच चिकटतो. इंग्रजीत ‘ओन्ली’ बोलताना क्रियापदाआधी येतो आणि नेमका अर्थ आवाजाचा जोर ठरवतो. ‘आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स’ ऐवजी ‘आय स्पेक ओन्ली थ्री वर्ड्स’ हवं (‘स्पेक’ म्हणजे ‘स्पोक’चं जुनं रूप), असा आग्रह लोथ यांनी धरला होता. बोलण्यात तो कुणी पाळत नाही. करारात आणि कोटेशनमध्ये पाळावा, कारण कागदावर आवाज नसतो. ‘कालच आला’ याचं ‘केम यस्टरडे ओन्ली’ भारताबाहेर नीट पोचत नाही, आणि ‘केम ओन्ली यस्टरडे’ म्हटलं तर ‘आत्ता कुठे काल आला’ असा अर्थ निघतो. आज नव्हे, कालच, असं सांगायचं असेल तर ‘इट वॉज यस्टरडे दॅट ही केम’ लिहावं.