दोन एकरांत लांबची वाट

दोन एकर हिरवंगार कुरण, चारी बाजूंनी कुंपण, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि तिच्या शेजारीच चाऱ्याची गव्हाण. घोड्याने आणखी काय मागावं, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण तासाभराने पुन्हा पाहावं तर घोडा तिथेच उभा. चालायला त्याच्याकडे कारणच नसतं.

ऑस्ट्रेलियात 'ब्रम्बी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या रानटी घोड्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून मोजणी झाली. ते दिवसाला सरासरी 16 किलोमीटर चालत होते. पाळीव घोडे 16 हेक्टरच्या कुरणात सुमारे 7 किलोमीटर चालले, 0.8 हेक्टरमध्ये, म्हणजे दोन एकरांत, 5 किलोमीटरपेक्षा थोडं कमी आणि सहा मीटर लांब-रुंद आवारात जेमतेम एक. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. दोन एकरांवरून जागा वीसपट वाढली तरी चाल दुप्पटसुद्धा झाली नाही. रानातला घोडा चालतो, कारण पाणी एकीकडे असतं आणि चारा भलतीकडेच.

ही चाल त्याच्या शरीरात मुरलेली आहे. घोड्याचं जठर देहाच्या मानाने लहान, आणि त्यात आम्ल सतत पाझरतं, पोट रिकामं असलं तरी. आम्ल शमवणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. म्हणून थोडं खायचं, चार पावलं टाकायची, पुन्हा खायचं, असा त्याचा दिवस जातो. पायांचंही तसंच. गुडघ्याखाली त्याच्या पायात स्नायू जवळजवळ नाहीतच. खूर जमिनीवर टेकला की किंचित फाकतो, उचलला की आवळतो, आणि या उघडझापीने रक्त वर चढायला मदत होते. तबेल्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या घोड्याचे पाय सकाळी सुजलेले दिसतात, ते बऱ्याचदा यामुळेच. दिवाळीनंतर धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे त्यांच्या भटक्या तांड्याबरोबर, घाट उतरणाऱ्या तट्टांना हा व्यायाम वेगळा द्यावा लागत नाही.

अमेरिकेतले नालबंद जेमी जॅक्सन यांनी 1980च्या दशकात ग्रेट बेसिनच्या कोरड्या मुलखातले मस्टँग, म्हणजे तिथले रानटी घोडे, जवळून पाहिले. कळप ठरलेल्या वाटांनी हिंडतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे त्यांनी तीच वाट कुंपणात आणण्याची कल्पना मांडली. बाहेरच्या कुंपणाला समांतर, आतून दुसरं कुंपण घालायचं. मधली पट्टी घोड्यांची.

हिशेब करून पाहू. दोन एकरांचा चौरस प्रत्येक बाजूला साधारण 90 मीटर भरतो. पाच मीटर रुंदीची पट्टी काढली तर जमिनीचा पाचवा हिस्सा जातो आणि एक फेरी 340 मीटरची होते. पाणी एका टोकाला, चारा समोरच्या टोकाला ठेवला की दहा वेळा जाऊन-येऊन जवळजवळ साडेतीन किलोमीटर होतात, घोड्याला कुणी हाकललेलं नसताना. चारा एकाच ढिगात न टाकता जाळीच्या पिशव्यांतून ठिकठिकाणी टांगावा. मिठाचा खडा तिसरीकडे. पाण्याजवळ बारीक गोटे पसरले तर चिखल होत नाही आणि खूरही कणखर होतात. लोळायला वाळू हवीच.

कोपऱ्यांबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन. कळपात एखादा दांडगा असतोच, आणि अरुंद कोपऱ्यात तो दुबळ्याला कोंडतो. तिथे पट्टी रुंद आणि गोलसर ठेवावी, वाट कुठेही बंद होऊ देऊ नये. घोडा एकटाच असेल तर ही सगळी रचना निम्मीच उपयोगी पडते. सोबती चालला की दुसरा चालतो.

आतलं गवत वाया जात नाही. ते वाढवून, कापून, वाळवून पुढच्या महिन्यांसाठी ठेवता येतं. शिवाय साखरेने भरलेलं कोवळं गवत पोटभर चरल्याने काही घोड्यांना, विशेषतः लठ्ठ तट्टांना, लॅमिनायटिस होतो. खुराच्या आतल्या ऊती सुजतात आणि पाऊल टेकवणंही असह्य होतं. अशा घोड्याला त्या गवतापासून दूर ठेवून चालतं ठेवता येतं. लीद मात्र पट्टीवरून रोज उचलावी लागते. थोड्या जागेत ती साचली की जंतांची अंडीही तिथेच साचतात.

आतलं कुंपण लगेच परवडत नसेल, तर गव्हाण आजच पाण्यापासून उचलून कुरणाच्या दुसऱ्या टोकाला न्यावी.