कलम १२४-अ : राजद्रोहाच्या कायद्याची पार्श्वभूमी

सरकारवरील छापील टीकेसाठी तुरुंगात पाठविणारे राजद्रोहाचे कलम १८६० साली संमत झालेल्या भारतीय दंड संहितेत नव्हते. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात असलेले, पण संमत संहितेतून गळालेले हे कलम १८७० मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळातील कायदा सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी १२४-अ या क्रमांकाने आणले. पुढची वीस वर्षे त्याचा फारसा वापर झाला नाही.

त्याला धार आली ती १८९७ च्या टिळक खटल्यात. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवासंबंधी मजकूर आला, आठवडाभरातच पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरकारने मजकुरावर खटला भरला. हत्येशी टिळकांचा संबंध जोडणारा पुरावा नव्हता. पण त्याची गरजही उरली नाही, कारण लेखामुळे प्रत्यक्ष दंगा झाला की नाही हे गैरलागू आहे, सरकारविषयी वैरभाव चेतविण्याचा प्रयत्न पुरेसा आहे, असे न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला समजावले. सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष; शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. १८९८ च्या दुरुस्तीने कलमाची व्याप्ती आणखी वाढवली. १९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतरच्या अग्रलेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्या. दावर यांनीच, वकील असताना, १८९७ मध्ये त्यांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता.

संविधान सभेने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांतून राजद्रोह वगळला, दंड संहितेतले कलम मात्र तसेच राहिले. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण हिंसेला चिथावणी देणाऱ्या किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजविण्याकडे कल असलेल्या लिखाण-भाषणापुरतेच. हा निकाल व्यवहारात तोकडा पडला, असे म्हणावे लागते. कारण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हा गुन्हा दखलपात्र केला, आणि वॉरंटविना होणाऱ्या अटकेच्या वेळी चिथावणी होती की नाही हे पोलीसच ठरवतात, न्यायालयाची पाळी नंतर येते.

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाखालील कारवाई स्थगित ठेवली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही; कलम १५२ देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी आहे. जन्मठेपेला पर्यायी असलेली कैद मात्र तीन वर्षांवरून सात वर्षांपर्यंत वाढली आहे.