उजनीचं पाणी आणि होटगीचा कोळसा : थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात कोळशाविरुद्ध आंदोलन झालं का असं कुणी विचारलं तर सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. कोळशाचं नाव घेऊन लोक इथे फारसे रस्त्यावर आले नाहीत, आले ते पाण्यासाठी. हवामान बदल वगैरे तर कुणाच्या बॅनरवर नव्हतंच. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत उजनी धरणावरून जी भांडणं झाली ती मागे जाऊन नीट बघितली तर कोळसा, म्हणजे होटगीजवळचा कोळशाचा वीज प्रकल्प, त्यात पहिल्यापासून आहे, फक्त त्याचं नाव घ्यायचं राहून गेलं. ते का राहिलं हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

दुष्काळ आपल्याला नवा नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कोठारं, इंग्रजांनी बांधलेला एकरुखचा तलाव, १९७२ ची रोजगार हमीची खडी, हे सगळं घराघरात माहिती आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही परतीच्या पावसाच्या भरवशावर. १९८० ला उजनी पूर्ण झालं आणि माढा, पंढरपूर, मोहोळ ह्या पट्ट्याचं रूप बदललं, ऊस आला, कारखाने आले. त्यापुढे जिल्ह्याचं सगळं राजकारण एका धरणाभोवती फिरत राहिलं.

आता वीज प्रकल्प. दक्षिण सोलापुरात होटगी, फताटेवाडी, आहेरवाडी ह्या भागात १३२० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प ठरला तेव्हाचा काळ आठवा. खेड्यात दिवसाला बारा-बारा तास भारनियमन, पिकाला पाणी द्यायला रात्री दोन वाजता मोटार चालू करायला जायचं, शहरातले यंत्रमाग बंद पडलेले. त्या वेळी ऊर्जा खातं दिल्लीत आपल्याच माणसाकडे, सुशीलकुमार शिंद्यांकडे होतं, त्यामुळे प्रकल्प म्हणजे सोलापूरला मिळालेली भेट असंच सगळ्यांना वाटलं आणि ते वाटणं खोटं होतं असंही नाही, वीज खरंच हवी होती. पण जिल्ह्यात कोळशाची एक खाण नाही, तो रेल्वेने लांबून येणार, आणि पाणी उजनीतून शंभरेक किलोमीटर पाइप टाकून येणार, म्हणजे प्रकल्पाला लागणाऱ्या दोन मुख्य गोष्टींपैकी एकही जागेवर नाही, हे तेव्हा मोठ्याने बोलणारे फार थोडे होते, आणि जे बोलले त्यांना विकासविरोधी म्हणून गप्प बसवलं गेलं.

अशा प्रकल्पांसाठी २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. तीस दिवस आधी पेपरात नोटीस, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी अध्यक्ष, मंडप, माइक, आणि शेवटी आलेले मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे. महाराष्ट्रात कुठलीही जनसुनावणी घ्या, लोक विचारतात ते जमिनीचा भाव, पोराला नोकरी, राख कुठे टाकणार. पाण्याचा प्रश्न आला तर उत्तर ठरलेलं असतं, की पाण्याची मंजुरी आधीच मिळालेली आहे. ती कुणी दिली, कुठल्या बैठकीत दिली, त्या बैठकीला शेतकरी होता का, ह्याची चर्चा तिथे होत नाही कारण तो त्या सुनावणीचा विषयच नसतो.

आणि सगळी गोम तिथेच आहे, त्यामुळे ह्यावर जरा सविस्तर लिहितो.

२००३ च्या राज्य जलनीतीत पाणीवाटपाचा क्रम होता पिण्याचं पाणी पहिलं, उद्योग दुसरा, शेती तिसरी. हा क्रम किती जणांना माहिती होता? ज्या धरणांसाठी गावं उठली, ज्यांचे कालवे शेतीसाठी म्हणून खोदले, त्याच धरणांत शेतीचा नंबर कागदावर तिसरा झाला. त्याच सुमारास मंत्र्यांची एक उच्चाधिकार समिती नेमली गेली आणि सिंचनाचं पाणी बिगरसिंचनाकडे वळवायचे निर्णय ती घेऊ लागली. शहरांना पाणी दिलं, एमआयडीसीला दिलं, आणि त्यात औष्णिक वीज प्रकल्पही आले. मग २००५ ला कायदा झाला, राज्यात स्वतंत्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, देशातलं असं पहिलंच म्हणून त्याचं कौतुक झालं. कायद्याचा अर्थ सरळ होता, कुठल्या क्षेत्राला किती पाणी हे आता प्राधिकरण ठरवणार, उघडपणे, लोकांचं ऐकून. पण प्रत्यक्षात समितीचं काम थांबलं नाही, प्राधिकरण एका बाजूला आणि मंत्र्यांची समिती दुसऱ्या बाजूला असं २०१० पर्यंत चाललं.

विदर्भात ह्याला वाचा फुटली. अमरावतीजवळ नांदगावपेठला कोळशाचा खासगी प्रकल्प येणार होता, त्याला अप्पर वर्धा धरणातून वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं, आणि तिथल्या लोकांनी विचारलं की आमच्या सिंचनाच्या अनुशेषाचं काय? मोर्चे निघाले, प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं, आणि कोर्टात प्रश्न आला तो नेमका हाच, की कायद्याने प्राधिकरण असताना समितीला हा अधिकार कुठून आला. ह्याचं उत्तर कोर्टात द्यायच्या ऐवजी विधिमंडळात दिलं गेलं. २०११ ला कायद्यात दुरुस्ती झाली, आधी झालेले वाटपाचे निर्णय वैध धरले गेले आणि क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार प्राधिकरणाकडून काढून मंत्रिमंडळाकडे गेला. त्याच वर्षी जलनीतीत क्रम बदलून शेती दुसऱ्या नंबरवर आणली, उद्योग तिसऱ्या. म्हणजे क्रम शेतकऱ्याच्या बाजूने बदलला, पण जे पाणी आधीच गेलं होतं ते परत आलं नाही, आणि पुढचं कोण ठरवणार तर मंत्रिमंडळ, जिथे सुनावणी नाही, हरकत नाही, नोटीस नाही.

माझ्या मते सोलापूरच्या सगळ्या पाणीप्रश्नाची चावी ह्या एका दुरुस्तीत आहे. लोक धरणावर जाऊन बसतात, तहसीलदाराला निवेदन देतात, पालकमंत्र्याची गाडी अडवतात, पण वाटप जिथे होतं त्या खोलीचं दार २०११ ला बंद झालं. समितीच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो की तेव्हा वीज नव्हती, उद्योग बाहेर चालले होते, पटकन निर्णय लागत होते. मुद्दा खरा असेल, पण पटकन निर्णय घ्यायला लोकांना बाहेर ठेवावं लागतं हे मला पटत नाही.

मग आला २०१२-१३ चा दुष्काळ. जनावरं छावणीत, डाळिंबाच्या बागा टँकरवर, काहींनी बागा तोडल्या. मोहोळ तालुक्यातला एक शेतकरी उजनीचं पाणी सोडा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला आणि पन्नासपेक्षा जास्त दिवस बसला. एप्रिल २०१३ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या सभेत एका बड्या मंत्र्याने त्या उपोषणावरून आणि धरण भरण्यावरून जे शब्द वापरले ते इथे परत लिहायची गरज नाही, सगळ्यांना पाठ आहेत. पुढे माफी झाली, कराडला आत्मक्लेश झाला. टीव्हीवर ते शब्दच राहिले, मागणी मागे पडली. पण विषय उच्च न्यायालयात गेला, पुण्याच्या बाजूच्या वरच्या धरणांत पाणी असताना खालचं उजनी कोरडं का, हा प्रश्न तिथे मांडला गेला, आणि २००५ च्याच कायद्यातलं समन्यायी वाटपाचं कलम, म्हणजे टंचाईच्या वर्षी एका उपखोऱ्यातली धरणं ऑक्टोबरअखेर सारख्या टक्केवारीवर आणायची, हे लोकांच्या तोंडी आलं. जायकवाडीवाले ते आधीपासून वापरत होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बीड जिल्ह्यात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी पूर्ण बंद पडलं होतं. त्याआधी २०१० च्या उन्हाळ्यात चंद्रपूरला इरई धरण आटल्याने संच बंद करावे लागले होते. म्हणजे कोरड्या भागात कोळशाचा प्रकल्प टाकला तर काय होतं ह्याची दोन उदाहरणं डोळ्यासमोर होती, आणि आपल्याकडे चिमणी उभी राहत होती.

इथे उणे टक्क्यांबद्दल सांगायला पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला उजनी उणे ६० टक्के म्हणजे काय ते कळत नाही. उजनीत एकूण साठा ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातला जवळपास ६३.६ टीएमसी मृतसाठा आणि वरचा साधारण ५३.५ टीएमसी उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्यावर. म्हणजे २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० च्या आसपास गेलं तेव्हा मृतसाठ्यातलंच ३२ टीएमसी पाणी संपलेलं होतं. मृतसाठ्याला हात लावायचा नसतो असं आपण पुस्तकात शिकतो, पण उजनीत तो दर काही वर्षांनी वापरला जातो आणि पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं की फोटो काढायला गर्दी होते. त्याच पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलं आणि विषय संपला. हे दर वेळी होतं. पाणी आलं की प्रश्न विसरायचा, ही आपली सवय आंदोलनाला सगळ्यात जास्त नडलेली आहे.

प्रकल्पाचा पहिला संच २०१७ ला आणि दुसरा २०१९ ला व्यापारी उत्पादनात आला. पाणी किती लागतं ह्याचा हिशोब कुणालाही करता येतो. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये नियम केला की १ जानेवारी २०१७ नंतर उभ्या राहणाऱ्या केंद्रांनी एका मेगावॅट-तासाला अडीच घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरायचं नाही, मग २०१८ ला तोच नियम सैल करून ३ घनमीटर केला. १३२० मेगावॅट पूर्ण क्षमतेने चोवीस तास चाललं तर ३१,६८० मेगावॅट-तास, त्याला ३ ने गुणलं की दिवसाला ९५ हजार घनमीटर, म्हणजे साडेनऊ कोटी लिटर. वर्षभर सरासरी ८५ टक्क्यांनी चाललं तर साधारण १ टीएमसी. ह्यातलं बरंचसं पाणी कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन उडून जातं, ते नदीला परत मिळत नाही.

आता लगेच कुणीतरी म्हणणार की १ टीएमसी काय घेऊन बसलात, ऊस किती पितो ते बघा. बरोबर आहे, ऊस कितीतरी जास्त पितो आणि त्याचा हिशोब व्हायलाच पाहिजे. पण कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, बंद करता येतं आणि दर उन्हाळ्यात ते बंद होतंच, त्यासाठी कालवा सल्लागार समिती बसते, आमदार भांडतात, पेपरात येतं. बॉयलरला आवर्तन नसतं. संच चालू ठेवायचा तर पाइप रोज चालू पाहिजे, वर धरण अधिक आहे की उणे ते बघून चालत नाही. दुष्काळात कपात कुणाला आधी हा प्रश्न म्हणूनच उरतो.

शहराचं तर आणखी वेगळं. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या, आणि नळाला पाणी चार दिवसाआड, पाच दिवसाआड, उन्हाळ्यात त्याहून जास्त. विडी घरकुलात किंवा जुळे सोलापुरात घरोघरी निळे बॅरल, पाण्याचा वार ठरलेला, पाणी रात्री अडीचला आलं तर रात्री अडीचला उठायचं, आणि हे काम करतात बायकाच. शहराचं काही पाणी उजनीतून थेट पाइपने येतं आणि काही भीमेत सोडून टाकळीला उचलतात. नदीतून आणायचं म्हणजे शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी सोडावं लागतं, वाटेत ते मुरतं, उडतं, उपसलं जातं, म्हणून नदीकाठच्या गावांची वीज तोडतात आणि मग तिथे वेगळं भांडण. दुसरी जलवाहिनी हा त्यावरचा उपाय, तिला होटगीच्या प्रकल्पाच्या वीज कंपनीने, एनटीपीसीने, पैसे द्यायचे ठरले, आणि ते काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. प्रकल्पाची पाइप मात्र आधी आली.

ह्यातून एक मागणी पुढे आली जी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. जानेवारी २०१६ च्या केंद्राच्या वीजदर धोरणात स्पष्ट लिहिलंय की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक प्रकल्पाने शुद्ध केलेलं सांडपाणी वापरायचं आणि त्याचा खर्च वीजदरात धरायला परवानगी आहे. शहराचं देगावचं शुद्धीकरण केंद्र फताटेवाडीपासून ५० किलोमीटरच्या खूप आत आहे. मग उजनीचं गोड पाणी बॉयलरला आणि आपलं सांडपाणी नाल्यातून नदीत, असं का चालावं? शहराचं सांडपाणी प्रकल्पाला आणि प्रकल्पाचं उजनीचं पाणी शहराला, ही अदलाबदल इथे इतकी वर्षं बोलली जातेय की पोरंसुद्धा सांगतील.

पुढचं ताजं आहे. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, पुण्याकडून येणारं सांडपाणी म्हणून ५ टीएमसी उजनीतून इंदापूरला उचलायचा निर्णय झाला, सोलापुरात पक्ष विसरून लोक उठले आणि मे महिन्यात तो निर्णय रद्द करावा लागला. महिन्याभरात सरकारला माघार घ्यावी लागली. मग २०२२ ला उजनीतून इंदापूर-बारामतीकडे पाणी उचलायच्या लाकडी-निंबोडी योजनेवरून परत तेच, ती मात्र रेटली गेली. ह्या लढ्यांत कोळसा नव्हता, पण उजनीच्या थेंबाथेंबाचा हिशोब मागायची सवय लोकांना तिथे लागली आणि आता तोच प्रश्न होटगीकडे वळतोय.

त्यात उन्हाळा ४३-४४ अंशाला जाऊन टेकतो, मार्चमध्येच झळा सुरू होतात, आणि हवामान बदल हा शब्द दिल्लीवाल्यांचा राहिलेला नाही. २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क समानता आणि जगण्याच्या हक्काशी जोडला. निकाल माळढोक पक्षी आणि विजेच्या तारांच्या खटल्यात आला. माळढोक म्हणजे आपल्या नान्नज अभयारण्याचाच पक्षी, त्यामुळे सोलापूरकरांनी तरी तो निकाल वाचायला पाहिजे.

सध्या मागण्या साध्या आहेत. प्रकल्पाच्या पाइपवरचं मीटर रोज जाहीर करा, धरणाची टक्केवारी जाहीर होते तशी. धरण मृतसाठ्यात गेलं की उद्योगाची कपात किती ते आधी लिहून ठेवा. सांडपाण्याच्या वापराला तारीख द्या. आणि पाण्याचं वाटप बदलायचं असेल तर मंत्रिमंडळात जायच्या आधी जिल्ह्यात सुनावणी घ्या. ह्यातल्या पहिल्या मागणीला नवा कायदा लागत नाही, जिल्हा पातळीवर एक आदेश निघाला तरी चालतो.